फळ्यावर माझं नाव नव्हतं

मी गेज बोलतोय. जरा अडखळत बोलेन, सांभाळून घ्या. आयुष्यभर मला दोनच गोष्टी सांगता आल्या, ‘जातं’ आणि ‘जात नाही’. तिसरी सांगायची वेळ आली तेव्हा मला तोंड नव्हतं.

दिसायला मी अगदी साधा. मधल्या बोटाएवढा पोलादी दांडा, मधे धरायला खरखरीत मूठ, दोन्ही बाजूंना गुळगुळीत गोल टोकं. हिरव्या रेघेचं टोक ‘गो’चं, लाल रेघेचं ‘नो-गो’चं. यंत्रावरून बुश तयार होऊन येतात, म्हणजे आरपार भोक असलेले पोलादी तुकडे. त्या भोकात माझं हिरवं टोक गेलं पाहिजे आणि लाल टोक जाता कामा नये. दोन्ही जमलं की माल पास. हिरवं गेलंच नाही तर भोक बारीक, लालही गेलं तर भोक मोठं. एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म मात्र थाटाचा होता. भट्टीत लाल झालो, तेलात बुडालो, मग एका म्हाताऱ्या कारागिराने मला दोन दिवस घासून घासून मापात आणलं. शेवटी एका गार खोलीत माझं माप घेतलं. तिथली माणसं देवघरात असल्यासारखी हळू बोलत होती. केसाच्या जाडीचे दहा भाग करा, त्यातल्या एका भागाचाही फरक माझ्यात नव्हता. तसा कागद मिळाला मला, सहीशिक्क्याचा. सागवानी डबी मिळाली, आत मखमल. फार मिजास होती तेव्हा मला. पुढे कळलं की माझ्या नशिबात मुक्काम नाही. ज्या भोकात शिरायचं, त्यातून लगेच बाहेर यायचं. लाखो घरांत डोकावलो, राहिलो एकाही ठिकाणी नाही.

वसईच्या पूर्वेला, वालीवच्या एका औद्योगिक वसाहतीत, अकरा नंबरच्या गाळ्यात मी कामाला लागलो. बाहेर टेम्पोंची रांग, आत बारा यंत्रं, कोपऱ्यात ट्यूबलाइटखाली तपासणीचं टेबल. तिथे मला पहिला माणूस भेटला तो आत्मारामकाका. उमेळ्याचे. वाडीतली केळी बिल्डिंगांनी गिळली, पण ह्या माणसाच्या खिशातला मऊ रुमाल आणि बोलण्यातलं ‘पानी’ काही गेलं नाही. गाळ्यातली सगळी हत्यारं आणि मापं त्यांच्या ताब्यात.

दर सहा महिन्यांनी एका शनिवारी काका मला डबीसकट जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालत आणि स्कूटरवरून मापशाळेत नेत. तिथे पुन्हा ती गार खोली, पुन्हा तेच माप. “थोडं झिजलंय, अजून चालेल,” असं तिथला माणूस म्हणे. झिजणं आलंच. दिवसाला हजारदा पोलादात शिरायचं आणि जसंच्या तसं राहायचं, हे मला काय, कुणालाच जमत नाही. परत आल्यावर काका डबीच्या झाकणावर चिठ्ठी डकवत आणि स्वतःच्या हाताने ‘पुढची तपासणी’ अशी तारीख लिहीत. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुठल्या कागदावरही नव्हतं. मापशाळेचा आठवणीचा फोनही काकांच्याच मोबाइलवर यायचा.

मग काका निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, समोसे. भाषणात शेठ म्हणाले, “आत्मारामभाई म्हणजे आपल्या गाळ्याचा कणा.” टाळ्या झाल्या. हा कणा दर सहा महिन्यांनी शनिवारी कुठे जात होता, ते मात्र कुणी विचारलं नाही. काकांनाही सांगायचं सुचलं नाही. पुढे एकदा मापशाळेचा फोन त्यांना घरी आला, त्यांनी तो निरोप गाळ्यात कळवला. ज्याने तो निरोप घेतला, तो महिन्याभरात दुसरीकडे नोकरीला लागला. निरोप त्याच्याबरोबर गेला.

आता रोझलीनचं सांगतो. तिच्यासाठीच तर बोलायला बसलोय.

रोझलीन रुमाव, नंदाखाल गावची. घरामागे नारळ, केळी आणि झेंडूची वाडी. सकाळी चर्चमध्ये साडेसहाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, करून ती निघे, बसने नालासोपाऱ्याला, तिथून पूर्वेला शेअर रिक्षा, आणि नऊला दहा मिनिटं कमी असताना टेबलाशी हजर. नऊ वर्षं मी तिच्या हातात होतो. जुन्या सुती साडीचा एक चौकोन तिने खास माझ्यासाठी फाडून ठेवला होता. दर पन्नास बुशनंतर ती मला त्याने पुसायची. दुसरं कुणी पुसत नाही हो. लोक मला पँटला घासतात.

तिचा हात ऊबदार होता आणि त्याला जाण होती. मी भोकात शिरताना ती नजर दुसरीकडे लावायची, कारण तिला बोटांनी कळायचं. तिला बोलायला माणूस नव्हतं, टेबल कोपऱ्यात आणि यंत्रांचा गोंगाट. मग ती माझ्याशीच बोले. “चल बाबा, हा शेवटचा डबा,” म्हणायची. मी काय बोलणार? मी शिरायचो आणि बाहेर यायचो.

काकांच्या जागी कौस्तुभ आला. विरारचा, डिप्लोमा झालेला, मोटारसायकलवर हेल्मेट लटकवून फिरणारा. वाईट मुळीच नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याला आल्या आल्या तीन तक्ते भरायला दिले आणि दिवसाचा आकडा आठशेवरून चौदाशेवर न्यायला सांगितला. त्या तक्त्यांत बुश किती, पास किती, नापास किती, तपासणारा कोण, सगळं होतं. मला कुठेच रकाना नव्हता.

मी झिजत होतो आणि ते मला कळत होतं. भोक पाडणारं हत्यार झिजलं की भोक बारीक पडतं, आणि असे बारीक बुश अडवणं हेच माझ्या हिरव्या टोकाचं काम. पण तेच टोक बारीक झालं तर? मग ज्या भोकाशी मी अडायला हवं, त्यातही मी निमूट शिरणार. आणि मी शिरू लागलो. पहिल्यांदा शिरलो तेव्हा मला वाटलं, आता रोझलीन ओरडेल. ती थबकली खरी. तिने तो बुश पुन्हा उचलला, पुन्हा मला आत घातलं. मी पुन्हा गेलो.

दुपारी तिने कौस्तुभला हाक मारली. “सर, हल्ली हे काही बुशांत अगदी सैल जातंय, आणि काहींत धरतंय. एकसारखं लागत नाय हाताला.”

“जातं ना पण?” कौस्तुभने विचारलं. त्याच्या एका कानाला फोन होता.

“जातं.”

“मग पास, रोझलीनताई. तक्त्यात ‘हाताला कसं लागतं’ असा रकाना नाहीये ना. टार्गेट बघा, प्लीज.”

तक्त्यावर दोनच खुणा होत्या, तिने बरोबरची खूण केली. त्या क्षणी मला किती ओरडावंसं वाटलं! सगळ्या गाळ्यात सत्य दोघांनाच ठाऊक होतं. एकीला बोलायला जागा नव्हती आणि दुसऱ्याला जीभ.

त्याच वर्षीची खंडेनवमी सांगतो. वालीवमध्ये त्या दिवशी एकही यंत्र चालत नाही. सगळी धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, हार घालून ठेवतात. झेंडू दरवर्षी रोझलीनच आणायची, स्वतःच्या वाडीतला, दोन टोपल्या. देव वेगळे असले तरी कामाचं हत्यार तिलाही प्यारं होतं. तिने मला पुसलं, डबीत ठेवलं, डबीवर फूल ठेवलं. गुरुजींच्या सांगण्यावरून कौस्तुभने ओल्या कुंकवाचं बोट घेतलं आणि डबीच्या झाकणावर टेकवलं, थेट त्या चिठ्ठीवर. वर अक्षता चिकटल्या. तारीख उलटून वर्ष होऊन गेलं होतं, ती कुंकवाखाली गेली. मग शेठपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे माझ्यापुढे वाकले. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा कुंकू लागलं. माझ्या पाया सगळे पडले, पण मापशाळेत मला कुणी नेलं नाही.

मग पेट्या परत येऊ लागल्या. ज्या कंपनीला आमचे बुश जात, तिथे त्यांत दांडा बसेना. पेटीवर तपासणाऱ्याचा क्रमांक असतो. क्रमांक चार, रोझलीन.

शेठनी मुलाच्या शिकवणीचा जुना फळा आणून टेबलाच्या वर टांगला. दर शनिवारी संध्याकाळी त्यावर खडूने आठवड्यातल्या चुका आणि त्या करणाऱ्याचं नाव लिहायचं. पहिल्या शनिवारी ‘रोझलीन, दोन पेट्या’. दुसऱ्या शनिवारी ‘रोझलीन, तीन’. कौस्तुभने तिला अर्धा दिवस प्रशिक्षण दिलं. ‘मी लक्षपूर्वक काम करीन’ अशा कागदावर तिची सही घेतली. टेबलावर कॅमेरा बसवला. ती वसईला जाऊन डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाले, चष्मा बरोबर आहे. तरी तिने नवा करून घेतला.

आणि मग तिने ते केलं जे कुठलाही प्रामाणिक माणूस करेल. ती प्रत्येक बुश दोनदा तपासू लागली. जेवणाची सुट्टी निम्मी केली. बुश दुप्पट वेळा माझ्यावर घासले जाऊ लागले आणि मी दुप्पट वेगाने झिजू लागलो. ती जितकी जीव ओतून काम करी, तितकं काम बिघडत जाई. हे मी आतून बघत होतो. माझ्यासारखं दुःख वैऱ्यालाही नको.

एका दुपारी तिने मला खाली ठेवलं आणि आपली बोटं चष्म्यापुढे धरून बघत बसली. एकेक बोट दाबून पाहिलं. “माझा हातच गेला बहुतेक,” ती पुटपुटली. नऊ वर्षांत ती कधी रडलेली मी बघितली नव्हती. त्या दिवशीही रडली नाही. पण नावाला डाग लागला होता, त्याहून वाईट म्हणजे तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता.

तीन महिने ओळीने नाव फळ्यावर आलं, तेव्हा तिला तपासणीवरून काढून पॅकिंगला बसवलं. शेवटच्या दिवशी तिने मला पुसलं, डबीत ठेवलं आणि तो साडीचा चौकोनही घडी करून आत ठेवला. पॅकिंगला ती पंधरा दिवस आली. मग यायची थांबली.

तिच्या जागी संपदा बसली. चोवीस वर्षांची, चलाख, नजर घारीची. दीड महिन्यात फळ्यावर ‘संपदा, तीन पेट्या’. ती फटकळ होती, भर गाळ्यात म्हणाली, “सर, माझ्या आधीच्या ताई पण अशाच होत्या का? मग टेबलालाच काहीतरी झालंय.” सगळे हसले. मी मात्र डबीत शहारलो. टेबलापर्यंत आली होती पोरगी, आणखी वीतभर पुढे यायला हवी होती.

“बस, मी दाखवतो कसं करायचं,” म्हणत कौस्तुभ एक दिवस स्वतः टेबलाशी बसला. फोन बंद ठेवला. अकराशे बुश तपासले, शांतपणे, एकेक. पेट्यांवर स्वतःचा क्रमांक टाकला, नऊ. दोन आठवड्यांनी परत आलेल्या पेट्या संपदाने उतरवून घेतल्या आणि एक पेटी हळूच त्याच्यासमोर सरकवली.

“सर, नऊ नंबर.”

शनिवार होता. संध्याकाळी तो खडू घेऊन फळ्यापाशी गेला. सगळे तिरप्या नजरेने बघत होते. त्याला टाळता आलं असतं, पण त्याने टाळलं नाही. स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट. मग तो तिथेच उभा राहिला. जुनी नावं नीट पुसली गेली नव्हती, खाली अंधूक दिसत होती. रोझलीन. संपदा. त्यावर कौस्तुभ. बराच वेळ बघून तो वळला आणि टेबलाकडे बघू लागला. टेबलावर माझ्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत गाळ्यातल्या कुणी माझ्याकडे असं पहिल्यांदाच बघितलं.

कौस्तुभने बोलावलं म्हणून सोमवारी आत्मारामकाका आले, त्याच स्कूटरवरून. त्यांनी डबी हातात घेतली, झाकणावरचं सुकलेलं कुंकू नखाने खरवडलं. थरावर थर निघाले. खाली त्यांच्याच अक्षरातली तारीख होती. अडीच वर्षांपूर्वीची.

“पूजा केलीत,” काका म्हणाले, “पन मापून कोनी नाय आनला ह्याला?”

काकांनी खिशातल्या रुमालाने झाकण पुसलं. मग म्हणाले, “चूक माझी पन हाय, पोरा. मी सगळं डोक्यात ठेवलं. कागदावर उतरवलंच नाय.”

मापशाळेत त्या गार खोलीतल्या माणसाने मला मापलं आणि मान हलवली. कागदावर लाल शिक्का बसला, ‘वापरण्यास अयोग्य’. खरं सांगू? मला हलकं वाटलं. निदान एका तरी कागदावर खरा गुन्हेगार आला होता.

तिथून कौस्तुभ मला आणि गाळ्यातून आणलेले तीन बुश खिशात घालून थेट नंदाखालला गेला. रोझलीन वाडीत झेंडू खुडत होती. तिने हात पदराला पुसले, खुर्ची दिली, पाणी दिलं. तो सांगत गेला, ती ऐकत राहिली. मग त्याने मला आणि ते तीन बुश बाहेर काढले.

“ताई, एकदा बघता?”

तिने आधी मला पदराने पुसलं. मग डोळे मिटले. किती दिवसांनी तो हात! पहिला बुश घेतला. “सैल जातंय.” दुसरा. “सैल.” तिसऱ्याशी ती थांबली. मला किंचित मागे घेतलं, पुन्हा आत घातलं. “हा धरतोय. हा परत आलेला ना?”

“हो,” कौस्तुभ म्हणाला. “तोच परत आलेला.”

तिने डोळे उघडले. बुश मांडीवर ठेवून ती आपल्या बोटांकडे बघत राहिली, आणि मग रडली. मोठ्याने, लहान मुलासारखी. घरातून तिची म्हातारी सासू धावत आली. “अगो काय झाला?” रोझलीन हुंदक्यांतून म्हणाली, “काय नाय आय. माझा हात बरा हाय.”

सावरल्यावर ती कौस्तुभला म्हणाली, “मी तुम्हाला तेव्हा सांगितलेलं, सर.”

“सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. या ना परत. शेठशी फोनवर बोललोय मी, टेबल तुमचंच आहे.”

“फळा हाय अजून?”

तो खाली बघू लागला. “शेठ म्हणतात, असू दे. वचक राहतो.”

“मग त्या फळ्याखाली मी नाय बसनार,” ती शांतपणे म्हणाली. “आज माझं नाव पुसाल, उद्या दुसऱ्या कोनाचं लिहाल. आणि माझं नाव वाचलेल्या माणसांना तुम्ही घरोघर जाऊन सांगनार काय, की चूक तिची नव्हती?”

तिने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. ठेवताना तिची बोटं माझ्यावर क्षणभर थांबली. मला वाटलं, ती मला ठेवून घेईल. पण मी कारखान्याची वस्तू, आणि ती सरळ बाई. परत येताना कौस्तुभच्या हेल्मेटमध्ये तिने दिलेले मूठभर झेंडू होते.

आता मी टेबलाच्या खालच्या खणात असतो. दोन्ही टोकांना लाल रंग फासलाय, म्हणजे कुणी चुकून वापरू नये. साडीचा चौकोन अजून डबीत आहे. तेवढाच सोबतीला. वर माझ्या जागी नवीन गेज आलंय, माझ्यासारखंच मिजासखोर. त्याच्या तपासणीची तारीख ह्या वेळी विसरणार नाही म्हणतात, कौस्तुभने ती स्वतःच्या फोनमध्ये टाकलीय.

परवा तो टेबलाशी बसून त्याच फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता. दुसऱ्या कंपनीचं पत्र आलंय, पुढच्या महिन्यात तिकडे जातोय म्हणे. फोन अर्थातच त्याच्याबरोबर जाईल.

हे तुमच्यापैकी कुणी ऐकत असाल आणि तुमच्याही भिंतीवर असा एखादा फळा असेल, तर माझं एवढं ऐका. माझ्यासाठी खण उघडू नका, माझं झालं ते झालं. फक्त खडू उचलण्याआधी टेबलावर काय ठेवलंय ते एकदा उचलून मापून आणा.

आज शनिवार आहे. यंत्रं थांबली, दिवे मालवायला लागलेत. वर फळ्यावर खडू घासल्याचा आवाज येतोय. आवाजावरून नाव लांबलचक वाटतंय ह्या वेळी. खणात पडून मला ते वाचता येत नाही.